अकरा फुटांचा तुकडा

१

एक थिएटर होतं. खाली दुकानं, वर पडदा आणि मध्ये बावीस पायऱ्यांचा उभा दगडी जिना. थिएटरच्या मागच्या दोन खोल्यांत चार माणसं राहत. एक मशीनवाला, तो सिनेमा दाखवी. एक त्याची बायको, ती तुटलेली फिल्म सांधी, म्हणून तिला सगळे सांधणारी म्हणत. एक मशीनवाल्याची थोरली बहीण, ती दारावर तिकिटं फाडी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटात टोमणे देई. तिला सगळे आत्या म्हणत. चौथी त्यांची लेक. ती लग्न होऊन गेली होती आणि तीन महिन्यांपूर्वी परत आली होती, एका पिशवीनिशी, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर घेऊन. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दारावर आपटले. दाराचं नाव काही तिनं सांगितलं नाही, पण ते सांधणारीला ठाऊक होतं.

लेक परत आली तेव्हा सांधणारीनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. आता हिला परत पाठवायची नाही. तिनं दुसरं काही मागितलं नाही, देवाकडे नाही आणि नवऱ्याकडेही नाही.

२

थिएटरच्या मालकानं कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावरून एक पेटी आणली. आत आठ डबे होते. युरोपातलं फार जुनं, मुकं, काळंपांढरं प्रेमचित्र. त्या काळी म्हणे त्यावर बंदी घातली होती, दोन ठिकाणी पडदा जाळला होता. मालकानं बाहेर फलक लावला : ‘आजोबांनी चोरून पाहिलेलं चित्र, आता तुम्ही उघड पाहा.’

गोष्ट साधी होती. नदीकाठी पिठाची गिरणी, पाण्यावर फिरणारी. गिरणीवाला उतारवयाचा, बायको कोवळी. माणूस वाईट नाही, पण घरात बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. नदीवर एक नाववाला येतो. एके दिवशी ती बाई गिरणीच्या मागच्या ओट्यावर केस मोकळे सोडते, पायमोजे काढून फेकते आणि आपण होऊन नाववाल्याचं तोंड दोन्ही हातांत धरते. मुका घेते तीच. त्यानं तर हातही हलवलेला नाही. अकरा सेकंद. शेवटी ती नावेत बसून जाते आणि गिरणीवाला जातं थांबवून नुसता बसून राहतो. कुणी मरत नाही की कुणाला शिक्षा होत नाही.

भांडण पेटलं ते यावरच.

“गेली ते बरं केलं,” चष्मेवाल्या बाई पहिल्याच दिवशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, आवाज मात्र अजून वर्गातलाच होता. “सगळ्या चित्रात त्यानं तिला एकदा तरी हाक मारली का?”

“मुकं चित्र आहे, बाई. हाक ऐकू कशी येणार?” पेन्शनर म्हणाले.

“ओठ तर दिसतात! त्याचे ओठ फक्त जेवताना हलतात.”

“माझेपण.”

“म्हणून तर तुमच्या सौ. चार खुर्च्या सोडून बसतात.”

सगळे हसले. पण दुसऱ्या खेळाला हसणं कमी झालं आणि तिसऱ्याला खुर्च्या वाटल्या गेल्या. पडद्याच्या डावीकडे ‘जाऊ द्या तिला’वाले, उजवीकडे ‘धरा तिला’वाले. नवराबायको एका तिकिटावर आत येत आणि दोन बाजूंना बसत. मालकाला तर आनंदानं झोप येईना. त्यानं दोन खेळ केले : दुपारी तीनचा घरंदाज खेळ, त्यात मुक्याचा तुकडा काढलेला, संध्याकाळी सहाचा अख्खा खेळ.

“म्हणजे रोज सकाळी कापायचं आणि रोज पाचला जोडायचं?” सांधणारीनं विचारलं.

“तुमच्या हाताला काय अवघड आहे, वहिनी,” मालक म्हणाला आणि निघून गेला. कामाची वाटणी त्यानं नेहमी अशीच केली होती.

३

सांधणारी शाळेत गेली नव्हती. पण फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती मोजायची तिची स्वतःची रीत होती. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, पट्टी त्यावर सरकवायची, सोळा चौकटी झाल्या की आगपेटीतली एक काडी बाजूला ठेवायची. मुक्याचा तुकडा सोमवारी सकाळी पहिल्यांदा कापला तेव्हा बरोबर अकरा काड्या झाल्या. अकरा फूट. वर एक चौकट नाही, खाली नाही.

आता सांध्याचं असं असतं, की तो खातो. पट्टीचं टोक पात्यानं खरवडायचं, त्यावर डिंकासारखा चिकट, उग्र वासाचा द्राव लावायचा, दुसरं टोक वर दाबायचं. प्रत्येक टोकाला एक चौकट तरी जातेच. तुकड्याला दोन टोकं, म्हणजे रोज दोन चौकटी कमी. पंधरा दिवसांत मुका आखूड होईल, असं तिनं मालकाला बजावलं होतं. “होऊ दे,” तो म्हणाला, “लोकांना तेवढाच पुरतो.”

मंगळवारी सकाळी तिनं पुन्हा कापला आणि सवयीनं मोजला. दहा काड्या आणि चौदा चौकटी व्हायला हव्या होत्या. अकरा काड्या झाल्या आणि दोन चौकटी वर उरल्या.

तिनं पुन्हा मोजलं. मग काड्या पेटीत टाकून, पेटी हलवून, पहिल्यापासून मोजलं. अकरा आणि दोन.

डोळा चुकला असेल. बोट चुकलं असेल. आत्ता कापताना घाईत शेजारच्या दृश्याच्या दोन-चार चौकटी तुकड्याबरोबर आल्या असतील. हे पटण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते पटवून घेतलं. मग भिंग डोळ्याला लावून तिनं शेवटच्या चौकटी बघितल्या. तोच ओटा, तीच बाई, केस मोकळे, हात नाववाल्याच्या गालांवर. मागे गिरणीचं दार.

दार बंद असायचं. ते चार बोटं उघडं होतं.

४

सोमवारी संध्याकाळच्या खेळाला जावई आला होता, हे तिला मंगळवारी दुपारी आत्याकडून कळलं.

“पहिल्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात,” आत्या म्हणाली. “केस चापून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट. मला वाकून नमस्कार केला मेल्यानं. मी म्हटलं, जावईबापू, इकडं कुठं? तर म्हणतो, सिनेमा बघायला आलोय आत्या, न्यायला नाही आलो. नेताना सांगून नेईन.”

“असंच म्हणाला?”

“हसून म्हणाला. हसला नसता तर बरं वाटलं असतं.”

जावई लाकडाच्या वखारीत कामाला होता. चार माणसांत त्याचा आवाज कधी चढत नसे. त्या पहिल्या संध्याकाळी खेळ सुटल्यावर दोन्ही बाजू जिन्यावर भांडत होत्या, तेव्हा तो मध्येच हळू म्हणाला होता, “तो गिरणीवाला आत बसून काय करतो? मागचं दार उघडायला पाहिजे त्यानं.” उजवीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिचं ऐकलेलं सहसा सांडत नसे.

सांधणारीच्या हातातला पेला तसाच राहिला. मग ती स्वतःशीच म्हणाली, वेडी आहेस. दार असेल आधीपासून उघडं. तू कुठं बघितलंस नीट?

मंगळवारी संध्याकाळी ती मुद्दाम जिन्यापाशी उभी राहिली. जावयानं तिला पाहिलं, आदरानं बाजूला झाला. “आई, बऱ्या आहात ना?” आणि मग पेन्शनरांकडे वळून, “दार नुसतं उघडून काय उपयोग? बाहेर यायला हवा तो.”

“अगदी बरोबर,” पेन्शनर म्हणाले.

बुधवारी सकाळी अकरा काड्या आणि नऊ चौकटी. दारात गिरणीवाला उभा होता. पिठानं पांढरा, खाली मान घातलेला, चेहरा दिसत नव्हता.

५

तिनं नवऱ्याला हाताला धरून टेबलाशी आणलं.

मशीनवाल्यानं भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. “आहे की गिरणीवाला. मग?”

“तो या दृश्यात नव्हता.”

“मी रोज दोनदा चालवतो चित्र. असेल.”

“असेल म्हणजे? होता की नव्हता?”

“मी मशीनकडे बघतो, पडद्याकडे नाही.” त्यानं भिंग खाली ठेवलं. “तुला झोप नाही. लेकीच्या काळजीनं तुला भलतंसलतं दिसतं.”

मग तिनं दुपारी चष्मेवाल्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, छे, ओट्यावर दोघंच असतात, मी तीनदा बघितलंय. पेन्शनरांना विचारलं. ते म्हणाले, वा, पहिल्या दिवसापासून आहे तो दारात, म्हणून तर मी म्हणतो तिला धरायला हवी होती. तिनं आणखी दहा जणांना विचारलं. पाच म्हणाले होता, पाच म्हणाले नव्हता, आणि त्यावरून त्यांच्यातच जुंपली.

बुधवारी संध्याकाळी जावई जिन्यावर म्हणाला, “रिकाम्या हातानं येऊन कसं चालेल?”

गुरुवारी सकाळी गिरणीवाल्याच्या हातात मोगरी होती. लाकडाची, जड डोक्याची, वखारीत खुंट्या ठोकायला वापरतात तसली. तो दारातून दोन पावलं पुढे आला होता. बाईची त्याच्याकडे पाठ होती. तिला काही पत्ता नव्हता.

६

गुरुवारी पाचला सांधणारीनं तुकडा जोडलाच नाही. डब्यात घालून डबा कपाटाच्या वर ठेवला. म्हटलं, नसेल तुकडा तर येईल कुठून?

सहाच्या खेळाला बाईनं केस मोकळे सोडले आणि पडद्यावर एकदम नाव आली. मग डावीकडून कुणीतरी ओरडलं, “कापलं! त्यांनी कापायला लावलं!” आणि उजवीकडून, “आम्ही? आम्हाला बघायचा होता गिरणीवाला येताना!” एक खुर्ची उडाली. ती कुणी फेकली हे कधी कळलं नाही. मशीनवाल्यानं दिवे लावले तोवर माणसं रांगा ओलांडून एकमेकांवर पडत होती. औषधाच्या दुकानातल्या शांत माणसानं एकाच्या हाताचा चावा घेतला होता आणि सोडत नव्हता. पेन्शनरांनी छत्री उगारली होती, ती त्यांच्याच सौभाग्यवतींच्या कपाळावर बसली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि चाळीस वर्षांचं सगळं त्या चपलेनं परत केलं. चष्मेवाल्या बाईंचा चष्मा पायाखाली चुरला.

पहिल्या रांगेतली उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

सांधणारी मागच्या खोल्यांकडे धावली. दार आतून लावलेलं होतं. आतून आवाज येत होता, ओरडण्याचा नाही, ठोकण्याचा. एक, मग थांबून दुसरा. कुणीतरी मोजून, घाई न करता भिंतीवर काहीतरी आपटत होतं. तिनं अंग टाकलं, दार हललं नाही. मग आत्या आली. आत्याच्या हातात लोखंडी गज होता, फाटकाचा. दोघींनी मिळून बिजागरी उखडली.

जावयानं लेकीचे केस मनगटाला गुंडाळून धरले होते. तो थांबला आणि मान वळवून म्हणाला, “बघा आई, तिकडं दाखवलं नाही, म्हणून मला यावं लागलं.”

आत्यानं गज त्याच्या पाठीत घातला. दुसरा दंडावर. तो कण्हला नाही. केस सोडले, शर्टाची बाही सारखी केली आणि जिना उतरून गेला.

शुक्रवारी सकाळी लेक थिएटरातल्या खुर्च्या पुसत होती. एक डोळा बंद झाला होता. सांधणारीनं गरम पाण्याची बादली आणली तेव्हा ती म्हणाली, “थंड आण, आई. रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं. पक्कं होतं.”

हे तिला कुणी शिकवलं, हे आईनं विचारलं नाही.

७

त्यानंतर तुकडा वगळायची सांधणारीला हिंमत झाली नाही. तिनं दुसरा उपाय केला. शुक्रवारी गिरणीवाला असलेल्या सगळ्या चौकटी कापून काढल्या, एकेक. चुलीत टाकल्या, जुनी फिल्म भसकन पेटते, ज्योत हातभर वर गेली. उरलेला तुकडा आठ काड्यांचा झाला. तोच जोडला आणि दाखवला. कुणी काही बोललं नाही. जावई पहिल्या रांगेत बसून शांतपणे बघत होता.

शनिवारी सकाळी तेरा काड्या.

तो ओट्याच्या मध्यावर आला होता. पण सांधणारीचं लक्ष त्याच्याकडे गेलंच नाही. ती बाईकडे बघत राहिली. चेहरा नाववाल्याकडे, पाठ आपल्याकडे, केस पाठीवर पसरलेले. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा वर. दोन बोटं. तिनं पट्टीवर बोटं ठेवून मोजलं नाही. ते मोजायची गरज नव्हती.

त्याच दुपारी मालक, पेन्शनर आणि दोन प्रतिष्ठित माणसं मागच्या खोलीत येऊन बसली. मालक म्हणाला, मारामाऱ्या फार झाल्या, रविवारी दुपारी तीनला एकच शेवटचा खेळ, अख्खा, दोन्ही बाजूंसाठी; मग पेटी परत. आणि पेन्शनर म्हणाले, जावई भला माणूस आहे, झालं ते चुकलं म्हणतो, माफी मागतो. घरच्या गोष्टी थिएटरात आणू नयेत. मुलीनं नांदायला जावं.

“छत्री बसलेलं कपाळ कसं आहे हो वहिनींचं?” आत्यानं विचारलं.

पेन्शनरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मशीनवाला जमिनीकडे बघत होता. तो मऊ माणूस होता. चार जणांनी सांगितलं की त्याला खरं वाटे. “उद्या खेळ सुटला की तो घेऊन जाईल म्हणतोय,” तो बायकोला म्हणाला. “मी हो म्हटलं.”

“मला न विचारता?”

“सगळे बसले होते ग.”

लेक चुलीपाशी होती. पाहुणे गेल्यावर ती आईजवळ येऊन बसली. कुजबुजली नाही, रडली नाही, भाजी काय करायची ते विचारावं तशी म्हणाली, “आई, या वेळी तो हाडावर थांबणार नाही.”

८

रविवारी सकाळी चौदा काड्या.

गिरणीवाला बाईच्या अगदी मागे होता. मोगरी डोक्यावर उचललेली, उजव्या हातानं. शेवटच्या चौकटीत मोगरी थोडी पुढे कलली होती, एवढंच. त्यापुढे पट्टी संपत होती. पुढची चौकट म्हणजे घाव, आणि ती अजून आली नव्हती. ती तीन वाजता येणार होती, सांधणारीला जसं काही कुणी लिहून दिलं होतं.

तिनं कात्री घेतली, ठेवली. कापून उपयोग नाही. वगळून उपयोग नाही. तिचं शहाणं मन अजून सांगत होतं, की बाई, ही जुनी फिल्म आहे आणि तू दमली आहेस. खरा प्रश्न एवढाच की खेळानंतर तो लेकीला नेईल. मग काहीतरी कर की आजचा खेळ मोडेल. गोंधळ होईल, लोक हसतील, मालक चिडेल, आजचं जाणं उद्यावर जाईल. उद्याचं उद्या.

या धंद्यात एक चूक फार लाजिरवाणी मानतात. तुकडा उलटा लावणं. शेपूट पुढे, डोकं मागे. मग पडद्यावर माणसं वर पाय खाली डोकं लटकतात आणि सगळं मागे-मागे जातं. नवीन असताना सांधणारीच्या हातून एकदा तसं झालं होतं. महिनाभर लोक तिला बघून मान वाकडी करून चालत.

तिनं पट्टी उचलली, टोक फिरवलं आणि ती चूक केली. दोन्ही सांधे खरवडले, द्राव लावला, दाबून धरले.

९

तीन वाजता थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत दोन्ही बाजूंचे श्वास ऐकू येत होते. सांधणारी मशीनच्या खोलीत, भिंतीतल्या छोट्या खिडकीशी उभी होती. लेक तिच्या पाठीशी. आत्या थिएटरच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी.

बाईनं केस सोडले. पायमोजे फेकले. मग पडदा उलटा झाला.

नदी वर, आभाळ खाली. गिरणीवाला वरून लटकत होता, वटवाघळासारखा, मोगरी उगारलेली. या तुकड्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजेडात होता, पण उलटा. आणि उलटा चेहरा चटकन ओळखू येत नाही. डावीकडून हशा फुटला. उजवीकडून शिट्ट्या, शिव्या. “अरे, सरळ कर! सरळ कर!”

गिरणीवाल्यानं एक पाऊल मागे घेतलं.

पहिल्या रांगेत उजव्या कोपऱ्यात एक माणूस उभा राहिला.

दुसरं पाऊल. तो माणूस खुर्च्यांमधल्या वाटेत आला. तोंड पडद्याकडे. आणि तो मागे-मागे चालू लागला. अडखळला नाही, हातानं चाचपलं नाही, वळून बघितलं नाही. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि ते तोंड शांत होतं, वखारीत लाकूड मोजताना असावं तसं. उजवा हात डोक्यावर उचललेला. मूठ मिटलेली, रिकामी. बाजूचे लोक पडद्यावर ओरडण्यात गुंतले होते. दोघातिघांनी पाय आखडून त्याला वाट दिली.

“हा काय करतोय?” मशीनवाला म्हणाला.

सांधणारीनं लेकीचा हात धरला. लेकीनं तो इतका आवळला, की नखं रुतली.

“अहो जावईबापू,” दारातून आत्याचा आवाज आला, “सरळ बघून चाला की!” आणि मग वेगळ्याच आवाजात, “अहो! अहो, जिना आहे!”

पडद्यावर गिरणीवाला दारात शिरला. दार मिटलं. चार बोटं, दोन बोटं, बंद.

जिना बावीस पायऱ्यांचा. आवाज मात्र एकच आला.

१०

तो खालच्या पायरीवर डोकं आणि वरच्या पायऱ्यांवर पाय, असा पडला होता. मान भलतीकडे वळलेली. उजवा हात अजून वर, मूठ अजून मिटलेली. तोंडावर, भुवयांवर, ओठांवर पांढरी भुकटी होती. पोलीस म्हणाले, भिंतीचा चुना. भिंतीला तेलाचा हिरवा रंग होता. पण त्यांनी ते लिहून घेतलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही.

लोकांत पुन्हा दोन बाजू पडल्या. काही म्हणाले चक्कर आली, काही म्हणाले प्यायला होता. आत्यानं धक्का दिला असंही दोघं म्हणाले. आत्या त्यांना म्हणाली, दिला असता तर सांगत फिरले असते. मालकानं पेटी त्याच दिवशी बांधली आणि जिथून आणली तिथं पाठवून दिली.

संध्याकाळी मशीनवाला बायकोला म्हणाला, “तुकडा उलटा लागला होता.”

“हात चुकला.”

त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. तीस वर्षांत ते दुसऱ्यांदा चुकले होते. त्यानं पुढे काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. मात्र चार माणसं सांगतात म्हणून हो म्हणायची त्याची सवय सुटली.

सांधणारीनंही पुढे जुन्या चित्रांचं काम घेतलं नाही. मोजायचं तर तिनं सोडूनच दिलं.

११

आणि मग त्या घराचे दिवस पालटले. चष्मेवाल्या बाईंनी लेकीला आपल्या नुकत्याच काढलेल्या पाळणाघरात कामाला घेतलं. वर्षभरात पाळणाघर तिच्याच भरवशावर चालू लागलं. तिथं एक घड्याळं दुरुस्त करणारा आपल्या भाचीला सोडायला येई. तो फार बोलत नसे, पण तिला नावानं हाक मारी आणि हाक मारल्यावर तिचं उत्तर ऐकायला थांबे. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. आत्या लग्नात नाचली आणि पाय मुरगळून घेतला. पुढे मुलगी झाली. रडकी, गोरीगोमटी, बापासारख्या कानांची.

एका सकाळी सांधणारी नातीला बघायला गेली. घर दोन खोल्यांचं, ऊन थेट आत येणारं. लेक नातीला न्हाऊ घालत होती आणि चुलीवर दूध होतं.

“अहो!” लेक ओरडली. ओरडली म्हणजे अशी की शेजारी भांडं पडलं. “दूध बघायला सांगितलं होतं ना? डोळे कुठं ठेवलेत? गेलं सगळं! एक काम धड होत नाही तुमच्या हातून!”

सांधणारीचे हात आपोआप लेकीच्या पुढ्यात गेले.

आतून नवा जावई धावत आला, हातात फडकं, कपाळावर घड्याळाचं भिंग तसंच. “चुकलं, चुकलं, माझंच चुकलं,” म्हणत तो चूल पुसू लागला. बोट भाजलं, तोंडात घातलं. लेक त्याला बघून हसायला लागली. मग तो हसला. साबणानं माखलेली नात दोघांना बघून हसली.

सांधणारी हळूच खाली बसली. लेक आणखी एकदा ओरडली, फडकं ओलं करून घ्या की, एवढंही कळत नाही का, आणि तो म्हणाला, घेतो. आईनं पदर तोंडाला लावला आणि ते ओरडणं ऐकत राहिली, कितीतरी वेळ, जसं कुणी गाणं ऐकावं. असं त्या मायलेकींना सुख लाभलं. तसं ते साऱ्यांच्या लेकींना लाभो.